‘झलक’ला मुदतवाढ

या जगात तुझा सर्वांत जास्त विश्वास कुणावर, असं ठकूच्या आईला कुणी विचारलं असतं, तर तिने नवऱ्याचं नाव घेतलं नसतं. सासूबाईंचं तर नाहीच नाही. तिने सांगितलं असतं, ‘झलक’वर.

झलक हे कुणा बाईचं नाव नव्हे. ते एक प्लगइन होतं. ब्राउझर ही इंटरनेट बघायची खिडकी धरली, तर प्लगइन म्हणजे त्या खिडकीला मागाहून ठोकलेली जादा झडप. एके काळी अशा झडपांची फार चलती होती. पडद्यावर काहीही हलतं-बोलतं बघायचं असेल तर आधी झडप बसवा, मग बघा. पुढे खिडक्याच शहाण्या झाल्या आणि झडपा जगभरातून अडगळीत गेल्या. फक्त ठकूच्या पाळणाघराला ही बातमी कुणी कळवली नव्हती. तिथे मुलांच्या जेवणाच्या खोलीत कॅमेरा होता आणि त्याचं चित्र झलकशिवाय कुठेही दिसत नसे. मोबाइलवर दिसत नसे, नव्या ब्राउझरात दिसत नसे. दिसे ते ठकूच्या आईच्या ऑफिसातल्या म्हाताऱ्या संगणकावर, पडद्याच्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटापेक्षा जरासं मोठं. आवाज नाहीच.

पण त्या तिकिटावर ठकू होती.

ठकू सकाळी पाळणाघराच्या दारात असा टाहो फोडायची, की जाणारे-येणारे ठकूच्या आईकडे मुलं पळवणारी बाई असल्यासारखे बघायचे. “तुम्ही वळलात की गप्प होते हो!” सांभाळणाऱ्या ताई सांगायच्या. जगातल्या तमाम सांभाळणाऱ्या तायांकडून हे वाक्य नोकरीवर घेतानाच घोटून घेतात, असा ठकूच्या आईला दाट संशय होता. पाठ वळल्यावर आपलं लेकरू खरंच गप्प होतं, की कोपऱ्यात हुंदके देत बसतं, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. त्याच्यापुढे नोकरी, बढती, पंपांच्या वॉशरचे दर, सगळं झूट होतं. (ती पंप बनवणाऱ्या कंपनीच्या खरेदी विभागात होती. वॉशरचे दर तपासणे हे तिचं काम आणि तिने तपासलेले दर न वाचता सही ठोकणे हे साहेबांचं.)

आता, ठकूची आई म्हणजे खोकल्याच्या औषधाबरोबर येणारा घडीचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी बाई. झोपाळ्यावर बसवायच्या आधी ती झोपाळ्याचे खिळे मोजायची. पण झलक बसवताना पडद्यावर एक चौकट उघडली, तिच्यात बारीक अक्षरांत बरंच काही लिहिलेलं होतं आणि खाली दोन बटणं होती, ‘परवानगी द्या’ आणि ‘नाकारा’. ती मेली चौकट नेमकी ठकूच्या तोंडावर आली होती. ठकूच्या आईने एक अक्षर न वाचता ‘द्या’ दाबलं. चौकट हटली, ठकू दिसली, आणि पडद्याच्या माथ्यावर मण्याएवढं भिंग होतं त्याच्याशेजारी एक हिरवा दिवा लागला. यंत्राची तब्येत ठणठणीत असल्याची ती खूण, असं तिने परस्पर ठरवून टाकलं.

आणि काय सांगावं! ठकू रडत नव्हती. लहान लहान खुर्च्यांवर मुलं ओळीने बसलेली, हातात वाट्या, तोंडं समोर, डोळे मोठे. कुणी भांडत नाही, कुणी सांडत नाही. ठकू तर सरळ तिच्याकडेच बघत होती.

“अगदी माझ्या डोळ्यांत बघते हो,” तिने रात्री नवऱ्याला सांगितलं.

“कॅमेऱ्याकडे बघत असेल,” ठकूचे बाबा मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाले.

“बाकीची मुलंही बघतात. पण ठकूचं बघणं वेगळं आहे. तिला कळतं, आई इथे आहे.”

“हं.”

ठकूच्या बाबांचा ‘हं’ हा एक स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. तो होकार नसतो, नकार नसतो. बायकोचं वाक्य पोहोचल्याची ती नुसती पोच असते.

बारीकसारीक चमत्कार मात्र घडत होते. एकदा ऑफिसात तिला लागोपाठ शिंका आल्या आणि तिकिटातली सगळी मुलं पोट धरून हसताना दिसली. ताईंच्या हातून काहीतरी पडलं असेल, तिने ताडलं, आणि धांदरट बाईच्या हाती आपण मूल दिलंय म्हणून दिवसभर हळहळली. एकदा संध्याकाळी ताई म्हणाल्या, “आज डबा नव्हता आणला वाटतं?” हिला कसं कळलं? चेहऱ्यावरून, दुसरं काय. आणि एकदा तर फाटकाशी कुणाची तरी पोरगी बोट दाखवून ओरडली, “टीव्हीतली मावशी!” यावर ठकूच्या आईने घरी आल्यावर आरशात स्वतःला डावीकडून, उजवीकडून पाहिलं. मालिकांतल्या त्या वकीलबाईंसारखा आपला चेहरा आहे, हे तिला कॉलेजातही कुणीतरी सांगितलं होतं. नवऱ्याला विचारलं. नवरा म्हणाला, “हं.”

अशा सुखात विघ्न आलं ते पिवळ्या पट्टीच्या रूपाने. एके दिवशी पडद्याच्या माथ्यावर ती उगवली: ‘हे प्लगइन कालबाह्य झाले आहे. ब्राउझर अद्ययावत केल्यास ते काढून टाकले जाईल.’ खाली ‘आत्ता’ आणि ‘नंतर’. ठकूच्या आईने ‘नंतर’ दाबलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘नंतर’. पट्टी निर्लज्ज होती, पण ठकूची आई आई होती.

पट्टीच्या पाठोपाठ माणूस आला. ऑफिसच्या संगणक विभागात एकच माणूस होता आणि त्याला सगळे ‘अपडेट’ म्हणत. कारण तो दुसरं काही करत नसे. प्रिंटर बिघडला, अपडेट. पंखा बिघडला तरी त्याची नजर आधी संगणकाकडे जाई.

“मॅडम, तुमचं मशीन सगळ्यांत मागे आहे.”

“चाललंय की.”

“चाललंय, पण धोक्यात चाललंय. ते झलक का फलक, बनवणाऱ्यांनीच वाऱ्यावर सोडलंय. ते स्वतः आता त्याला हात लावत नाहीत.”

“मग तुम्ही कशाला लावता?”

“अहो, त्यातून चोर शिरेल!”

“आणि काय नेईल? वॉशरचे दर? नेऊ दे. वाचणारं कुणीतरी भेटेल त्यांना.”

अपडेटने या अज्ञानाबद्दल दयेने मान हलवली आणि तो “बघतो मी” म्हणून गेला. त्या ‘बघतो मी’ने ठकूच्या आईची झोप उडाली. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की अद्ययावत होतो, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. तिने संगणक बंद करणंच सोडलं. संध्याकाळी जाताना पडद्यावर पाटी अडकवायची: ‘काम चालू आहे. बंद करू नये.’ ऑफिसात कुणाला त्या पाटीचं नवल वाटलं नाही. उलट तिथे काम चालू असल्याचा तेवढा एकच लेखी पुरावा होता.

इकडे घरी सल्ल्यांचा पूर आला. आपल्याकडे माणसाला ताप आला तर औषध सांगणारे भेटतातच, पण प्लगइनला ताप आला तरी भेटतात, हे तिला नव्याने कळलं. सासूबाई म्हणाल्या, “आमच्या वेळी मूल बघायचं तर मान वळवायचो आम्ही.” समोरच्या काकू म्हणाल्या, “नवीन अॅप घे. माझी सून अॅपवर झाडांना पाणी घालते.” (त्यांच्या गॅलरीत एकही झाड जिवंत नव्हतं.) वरच्या मजल्यावरचे निवृत्त ओव्हरसियर खास जिना उतरून आले. ते म्हणाले, “सोपं आहे. एक जुना संगणक वेगळा ठेव आणि त्याला इंटरनेट लावूच नको. अपडेटचा बाप आला तरी काही करू शकत नाही.”

“पण इंटरनेट नाही तर ठकू दिसणार कशी?”

“ते तुझं तू बघ,” ओव्हरसियर म्हणाले आणि चहाची वाट बघत बसले.

आणि अशातच पाळणाघराचा निरोप आला. झलक ठेवावी की सोडावी, याचा विचार करण्यासाठी पालकांची सभा. दुपारी, मुलांच्या जेवणाआधी.

ठकूच्या आईने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, संगणकावर पाटी अडकवली, आणि एखाद्या खटल्याला निघावं तशी निघाली.

सभा पाळणाघराच्या पुढच्या खोलीत होती. मोठ्यांसाठी मुलांच्याच खुर्च्या मांडल्या होत्या. त्यामुळे प्रत्येक पालक गुडघे हनुवटीला लावून बसला होता आणि त्या आसनात कुणाचंही म्हणणं भारदस्त वाटत नव्हतं. मधल्या दाराला पडदा, पडद्यापलीकडे जेवणाची खोली. ठकूच्या आईने ती खोली आतून कधी पाहिलीच नव्हती. पालकांनी दाराच्या आत यायचं नाही, मुलं बिथरतात, असा नियम होता.

पाळणाघराच्या बाई अध्यक्ष. झलक सोडावी म्हणणाऱ्यांचे पुढारी होते जुळ्यांचे बाबा. ते कुठल्याशा बँकेत पासवर्डांची राखण करत आणि घरीही जुळ्यांना दर महिन्याला नवी टोपणनावं देत, असं लोक म्हणत.

“हे तंत्रज्ञान मेलेलं आहे,” जुळ्यांचे बाबा म्हणाले. “मेलेलं तंत्रज्ञान घरात ठेवू नये. मागचं दार सताड उघडं टाकून झोपण्यासारखं आहे हे. आता नवं अॅप आहे. दुपारी एक फोटो येतो. सुरक्षित.”

“एकच?” ठकूची आई.

“भोवती फुलांची चौकटही येते.”

“मूल दुपारी हसत असेल, आणि फोटो काढून झाल्यावर दिवसभर रडत असेल, तर ती फुलं काय रडतात का त्याच्यासाठी?”

एक आजोबा झलकेच्या बाजूने उठले. म्हणजे उठायचा प्रयत्न केला, पण खुर्ची त्यांच्याबरोबरच उठली. “जुनं झालं म्हणून टाकायचं असेल,” ते खुर्चीसकट म्हणाले, “तर सुरुवात माझ्यापासून करा!” त्यांच्या सूनबाई मुद्दा विचारात घेतल्यासारख्या दिसल्या.

मग कुणी म्हणालं, झलक ठेवा पण नाव बदला. कुणी म्हणालं, झलक सोडा पण हळूहळू सोडा, आठवड्यातून एक वार. एका बाबांनी पोटसमिती नेमायची सूचना केली आणि स्वतःचं नाव मागे घेतलं. एवढा सगळा वेळ ठकूची आई आतल्या आत भाषण जुळवत होती. शेवटी ती बोललीच.

“तुम्ही म्हणता जुनं आहे. असेल. पण या जुन्या झलकेने मला माझी लेक दाखवली. रोज मी बघते. ती शांत असते. वाटीतलं सगळं संपवते. कुणाच्या फुलांच्या चौकटीत मला तिचे ते डोळे दिसणार आहेत? आई आपल्याकडे बघतेय, हे त्या पोरीला कळतं. तंत्रज्ञान नवं की जुनं, ते बँकेने ठरवावं. मूल सुखात आहे की नाही, ते आईने ठरवायचं असतं!”

टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात टाळ्या पाळणाघराच्या बाईंनी वाजवल्या. इतक्या, की जुळ्यांच्या बाबांनी भुवई वर केली. “अध्यक्षांनी तटस्थ राहायचं असतं.”

“मुलांच्या हिताच्या बाबतीत मी तटस्थ राहू शकत नाही,” बाई घाईघाईने म्हणाल्या. “झलक असली की मुलं कशी चटाचट जेवतात! मतदान घेऊन टाकू या का? जेवणाची वेळ व्हायच्या आत?”

“झलकेचा आणि जेवणाचा संबंध काय?” जुळ्यांच्या बाबांनी विचारलं.

तेवढ्यात पडद्यापलीकडे खटकन काहीतरी लागल्याचा आवाज आला आणि पोरांचा एकच गलका उठला.

“मावशी लागली! मावशी लागली!”

आणि लगेच, चिडून: “मावशी कुठाय? ताई, मावशीच नाही!”

बाई पडद्याआड जायला उठल्या, पण जुळ्यांचे बाबा आधी पोहोचले. त्यांनी पडदा सरकवला. सगळे पालक मुलांच्या मागे जाऊन उभे राहिले.

भिंतीवर भलामोठा टीव्ही होता. टीव्हीच्या डोक्यावर कॅमेरा. समोर मुलं ओळीने बसलेली, हातात वाट्या, तोंडं वर. आणि टीव्हीवर एक रिकामी खुर्ची दिसत होती. खुर्चीच्या पाठीवर निळा स्वेटर. मागे कपाट, कपाटावर वॉशरच्या नमुन्यांचं खोकं.

स्वेटर ठकूच्या आईचा होता. खुर्चीही तिचीच.

काही क्षण तिला वाटलं, आपल्याला घेरी आली आहे आणि त्यात आपल्याला ऑफिस दिसतं आहे. तसं असतं तर किती बरं झालं असतं.

“पालक-भेट म्हणतात याला,” पाळणाघराच्या बाई खालच्या आवाजात म्हणाल्या. “झलकेत सोयच आहे तशी. आई मुलाला बघते, मूल आईला. परवानगी तुम्हीच दिलीत की!”

“मी?”

“बाकी कुणी दिली नाही हो. तुम्ही एकट्या. आम्हाला वाटलं, किती प्रेमळ बाई!”

“आणि मला सांगितलं का नाहीत?”

“सांगितलं असतं तर तुम्ही मोकळेपणाने वागला नसतात.”

“किती मोकळेपणाने वागते मी?” ठकूच्या आईने विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

या प्रश्नाचं उत्तर जुळ्यांनी दिलं. एकीने डोकं मागे टाकून, तोंड उघडं ठेवून, डुलकी घेऊन दाखवली. दुसरीने फायलीआड तोंड लपवून चोरून डबा खाल्ला. एका पोराने पोट पुढे काढून साहेबांची चाल चालून दाखवली. म्हणजे ठकूची आई साहेबांची जी नक्कल करायची तिची नक्कल, आणि मूळ नकलेपेक्षा सरस. नाकाशी काय काय करतात तेही कुणीतरी सुरू केलं होतं, पण ताईंनी त्याचा हात धरला. आजोबा म्हणाले, “पोरं तयार आहेत!” मागून कुणी आई फिसकन हसली. जुळ्यांचे बाबा मात्र हसले नाहीत. ज्यांचं म्हणणं सोळा आणे खरं ठरतं त्यांना हसायची गरज पडत नाही.

ठकूच्या आईने सगळ्यांकडे पाठ केली आणि ती ठकूपाशी जाऊन खाली बसली. निदान ठकू तरी आपली आहे. खरीखुरी आई भर दुपारी समोर आल्यावर लेकरू आता गळ्यात पडेल, हे उघड होतं.

“ठकू, बघ कोण आलंय!”

ठकूने तिच्याकडे पाहिलं. मग टीव्हीकडे. मग पुन्हा तिच्याकडे. नाराजीने तिचा खालचा ओठ पुढे आला.

“तू नको,” ठकू म्हणाली आणि तिने आईचा खांदा बाजूला ढकलला, कारण तो मध्ये येत होता. “ती आई. टीव्हीतली. ती लाव.”

“अगं, तीच मी!”

“नाही. ती छान आहे.”

यात तशी चूक काय होती? टीव्हीतली आई नाक पुसत नव्हती. औषध पाजत नव्हती. ‘खाली ठेव’, ‘तोंडात घालू नकोस’, ‘चल, उशीर झाला’ म्हणत नव्हती. ती नुसती समोर बसून, मान तिरकी करून, भरल्या डोळ्यांनी बघत असायची. अशी आई कुणाला आवडणार नाही? ठकूच्या आईला स्वतःलाच त्या बाईचा मत्सर वाटला. इतके दिवस आपण जिला सोडून जातो ती पोरगी आपल्यासाठी झुरते आहे, या काळजीवर ती जगत होती. पोरीला तर दुसरी आई मिळाली होती, आणि तीसुद्धा जेवणाबरोबर.

“अय्या, काका!” एक जुळी ओरडली.

टीव्हीवर एक माणूस आला होता. त्याने खुर्चीवरचा स्वेटर खाली टाकला, संगणकावरची पाटी काढून वाचली, आणि इकडेतिकडे बघितलं. अपडेट होता तो. रजेची बातमी त्याला लागली होती.

“कोण हो हा?” पाळणाघराच्या बाईंनी विचारलं.

“तो झलक काढायला आलाय,” ठकूची आई म्हणाली.

“अहो, मग थांबवा त्याला! फोन करा! आज मुलांचं जेवण व्हायचंय!”

अपडेट खुर्चीत बसला. त्याचा चेहरा टीव्हीभर झाला. दोन्ही नाकपुड्यांसकट. मुलं खूष झाली. ठकूच्या आईने मोबाइल काढला आणि नंबर लावला. टीव्हीतल्या अपडेटने दचकून खिसा चाचपला, फोन बघितला, आणि चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा करून कानाला लावला. जेवणाची खोली चिडीचूप झाली. एवढी शिस्त त्या खोलीत एकच मूल असतानासुद्धा कधी दिसली नसेल.

“मॅडम, मी नुसता बघत होतो,” अपडेट फोनमधून म्हणाला. टीव्हीवर त्याचे ओठ जरा उशिरा हलले.

ठकूच्या आईने ठकूकडे पाहिलं. ठकू वाटी हातात धरून, मान वाकडी करून, आईच्या आडून टीव्ही बघत होती.

“काढून टाका,” ती म्हणाली.

“काय?”

“झलक. ‘आत्ता’ दाबा. आणि तो स्वेटर जमिनीवर टाकलात तो उचला.”

अपडेट आ वासून चहूकडे बघू लागला. छताकडे, कपाटाकडे, टेबलाखाली. मग त्याने स्वेटर उचलला, नीट घडी केली, आणि एक बटण दाबलं. टीव्ही निळा झाला.

पुढे जो आकांत झाला त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. वाट्या उपड्या पडल्या, भात भिंतीपर्यंत गेला, आणि पाळणाघराच्या बाईंनी ठकूच्या आईकडे असं पाहिलं, की जणू तिने मुलांचा घास काढून घेतला होता. झलक सोडायचा ठराव मग आपोआप मंजूर झाला. पोटसमिती मात्र नेमली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात ठकूने नेहमीसारखा टाहो फोडला. ताईंनी तिला आत ओढलं. “तुम्ही वळलात की गप्प होते हो!” ताई म्हणाल्या आणि दार लागलं.

एरवी ठकूची आई इथून ऑफिसकडे धावत सुटायची. आज धावून बघायचं काय होतं? संगणक नवाकोरा झाला होता आणि त्याच्यात वॉशरच्या दरांखेरीज काहीही नव्हतं. ती पाळणाघराच्या कुंपणाच्या भिंतीशी उभी राहिली. आतून रडणं ऐकू येत होतं. चांगलं खणखणीत. झलकेत आवाज नव्हता, त्यामुळे दार लागल्यानंतरचं रडणं तिने कधी ऐकलंच नव्हतं. शब्दही कळत होता. “आई! आई!” ‘टीव्हीतली’ असं म्हणत नव्हती. नुसतं आई.

ठकूच्या आईचे डोळे भरून आले. बिचारं लेकरू. तिने पदोपदी जपलेलं लेकरू. आज दिवसभर रडणार. जेवणार नाही. संध्याकाळी सुजलेल्या डोळ्यांनी येऊन बिलगणार. तिच्या जिवाची कालवाकालव झाली, आणि त्या कालवाकालवीच्या तळाशी कुठेतरी, कुणालाही कबूल करणार नाही असं, गार गार समाधान पसरलं.

आणि रडणं थांबलं.

तिने भिंतीला कान लावला. आत कुणीतरी काहीतरी सांडलं होतं, आणि कुणीतरी खिदळत होतं. ते खिदळणं तिला हजारात ओळखता आलं असतं.

“एवढ्यात?” ती भिंतीला म्हणाली.

ऑफिसला उशीर झाला होता. तरीही ती आणखी थोडा वेळ तिथेच उभी राहिली. न जाणो, परत रडायला लागली तर.